एका सुपातल्या गोळ्या

महाड
१४ जानेवारी २०२४

तीर्थरूप आबांस,
सुरेखाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे दिव्यच. काल मी आईच्या खोकल्याचं विचारलं आणि तुम्ही म्हशीच्या रेडकाचं सांगून फोन ठेवलात. कानातलं यंत्र घेऊन दिलंय ते डब्यात ठेवण्यासाठी नव्हे. असो, वाचायला येतं हे नशीब. दूधगाडीवाला भागोजी उद्या वाडीवर येईल, त्याच्याकडे हे पत्र देते.

परवा दवाखान्यातून तुम्ही तणतणत निघून गेलात, आमच्या बायका काय उंदीर आहेत का म्हणालात, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घरी आल्यावर वाटलं, तुम्हाला कोणी धड सांगितलंच कुठे होतं? म्हणून दुसऱ्या दिवशी मी परत गेले. या औषधाच्या अभ्यासाचं काम बघणारी स्नेहल म्हणून मुलगी आहे. तिने मला पाणी दिलं, बसवलं आणि समजेल अशा भाषेत सांगितलं. तेच लिहिते.

आई आणि तुळसाकाकी, दोघी जावांना एकच आजार आहे. फुफ्फुसाला आतून वण पडत जातात, ते ताठ होतं, मग हवा शिरायला जागा राहत नाही. आज जी औषधं चालू आहेत ती आजार थोडा अडवतात, बरा करत नाहीत. आता एक नवी गोळी निघाली आहे. थोड्या माणसांना देऊन ती फारशी घातक नाही इतपत बघून झालंय. पण तिने खरंच गुण येतो का, हे अजून कोणालाच माहीत नाही. डॉक्टर मॅडमनाही नाही. ते शोधायलाच हा अभ्यास आहे.

भाग घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना खरी गोळी मिळेल. निम्म्यांना दिसायला हुबेहूब तशीच, पण आत औषध नसलेली. कोणाला कोणती, ते संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. बाटलीवर नुसता नंबर असतो. खाणाऱ्याला कळत नाही आणि देणाऱ्यालाही कळत नाही. मी विचारलं, ही लपवाछपवी कशाला? ती म्हणाली, खरं औषध मिळालंय म्हटलं की माणसाला आशेनेच बरं वाटायला लागतं, आणि डॉक्टरलाही तो बरा दिसायला लागतो. मग गुण गोळीचा की मनाचा, ते कळायचं कसं?

चालू औषधं कोणाचीच बंद होणार नाहीत. तपासण्या आणि जाण्यायेण्याचा खर्च त्यांचा. अपाय झाला तर उपचारही त्यांचेच. नको वाटलं तर कधीही, कारण न सांगता सोडता येतं, आणि सोडलं म्हणून दवाखाना तोंड फिरवत नाही.

हो म्हणा असं मी म्हणत नाही. पण आई हल्ली वाक्य पुरं करता करता मध्येच थांबते, हे तुम्हीही बघता.

तीळगूळ पाठवते. आईला एकच द्या, तिचा खोकला वाढतो. रागावला असलात तरी मायेत कमी करू नये, ही विनंती.

तुमची
सुरेखा


वरची वाडी, पोलादपूर
२ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. सुरेखास,
भैरूचे अ. आ.

तुजं पत्र पोचलं. तीळगूळ तुज्या आयनं एक खाल्ला, बाकीचे मी खाल्ले, म्हंजे तुजा शब्द पाळला. यंत्राचं म्हनशील तर ते कानात घातलं की म्हशीचं रवंथ पन ढोल वाजल्यावानी ऐकू येतं. डब्यात हाय तिथं बरं हाय.

मी उंदीर म्हनालो ते रागानं म्हनालो. तू लिवलंस ते आता डोक्यात शिरलं. तरी एक गोष्ट गळ्याखाली उतरत नाय. औषध नसलेली गोळी आजारी मानसाला द्यायची आन त्यानं ती भक्तीनं खायची, हे कसलं गो? पन तुजी आय म्हनाली, ज्याला ठाऊक नाय तो नाय म्हनून सांगतो, हे मला बरं वाटलं. आजपातूर सगळे ठाऊक हाय म्हनूनच सांगत आले. मंग मी दोघींना घेऊन दवाखान्यात हो म्हनून आलो.

तुज्या आयला, अंबूला, मी रोज बघतो. झऱ्यावरून हंडा घेऊन यायची ती बाई आता नुसती मोकळ्या हातानं आली तरी वाटंत दगडावर बसते. दगडावर बसून मला हाक मारते, आन मला ऐकू येत नाय. हे मला लय लागतं. तिचा दम परत यावा, एवढंच मागनं हाय. दुसरं कायबी नको.

तुळसाचं म्हनशील तर, अंबू जिकडं तिकडं ती. माजा भाऊ गेल्यापास्नं दोघींची चूल एकच. संमतीचा अंगठा कॅमेऱ्याम्होरं द्यायचा म्हटल्यावर तुळसानं डोक्यावरनं पदर असा घेतला जसं काय लगीनच हाय तिचं. तुजी आय हसली, आन हसता हसता खोकला लागला.

दोघींना येगयेगळ्या नंबराच्या बाटल्या दिल्या हायत. आता बघायचं. जावयांना रामराम. आमच्यावर जीव हाय तसा ठेवावा.

भैरू


वरची वाडी
२९ मार्च २०२४

चि. सौ. सुरेखास,
आबाचे अ. आ.

शिमगा झाला. तू आली नायस. पालखी अंगनात आली तवा तुज्या आयनं तुज्या नावानं वटी भरली. बोकड चांगलं निघालं. तुजा वाटा मी खाल्ला, त्याबद्दल राग धरू नको.

आनंदाची गोष्ट हाय म्हनून लिवतो. तुजी आय गोळ्या घ्यायला लागल्यापास्नं जरा बरी हाय. तुळसापन. जुलाब मातर दोघींना व्हतात. त्या स्नेहलनं तसं होईल म्हनून सांगितलंच होतं, तवा घाबरायचं काम नाय.

पयल्या दिशी मोठा पेच पडला होता. दोन बाटल्या म्होरं ठेवून दोघी बसल्या, आन कोनी हात लावंना. तुळसा म्हनली, एकीची खरी आन एकीची पोकळ असंल, तर मी तुज्याम्होरं कशी खाऊ? अंबूलाबी तेच. एका चुलीवरच्या दोघी, एक जगायची गोळी खानार आन दुसरी भुसा. मंग तुज्या आयनं तोड काढली. तिनं सूप घेतलं, दोन्ही बाटल्या सुपात वतल्या, हातानं कालवल्या आन आपल्या बोकडाचे घालतो तसे दोन वाटे घातले. तुळसा पाठ करून उभी ऱ्हायली. अंबूनं एका वाट्याला बोट लावून इचारलं, कोनाचा? तुळसानं सांगितलं, तुजा. झालं. आता खरी असंल तर दोघींच्या पोटात, पोकळ असंल तर दोघींच्या. दर बारीला नवी बाटली आली की असंच करतात. अख्ख्या वाडीनं अंबूला शाबासकी दिली. मलाबी तिचा अभिमान वाटला, तोंडावर नाय म्हनालो.

तिकडचं काय ते कळवावं, आमची याद ठेवावी.

भैरू


महाड
५ एप्रिल २०२४

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. ब्लाऊज कापायला घेतला होता, तो तसाच टाकून दवाखान्यात गेले आणि सगळं सांगून आले. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, पण राहवलं नाही. स्नेहलने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की गोळ्यांच्या बाबतीत काही लपवलं तर पेशंटच्याच जिवावर येतं.

आबा, आईने जे केलं त्यात वाईट काही नाही. मी तिला बोल लावत नाही. पण आता कोणाच्या पोटात किती औषध गेलं, हे देवालाही सांगता येणार नाही. उद्या एकीला त्रास झाला तर तो कशाने झाला? एकीला गुण आला तर तो कोणत्या बाटलीचा? अशी शेकडो माणसं आहेत या अभ्यासात, ठिकठिकाणची. प्रत्येकाच्या नंबरावर हिशेब उभा आहे. त्यात या दोघींचं कोडं झालं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि स्नेहलला म्हणाल्या, आपण यांना एकत्र बसवून समजावायला हवं होतं, चूक आपली आहे. मग वरिष्ठांशी, गोळी बनवणाऱ्या कंपनीशी बोलणी झाली. निरोप आला की दोघींच्या गोळ्या थांबवायच्या. मी पाया पडले. मी म्हटलं, निदान आईला पुन्हा नव्याने घ्या. ते नियमात बसत नाही. तपासण्या चालू राहतील, जुनी औषधं चालू राहतील, फक्त ती गोळी नाही.

मी विचारलं, खरी कोणाची होती ते तरी सांगा. तेही आत्ता सांगता येत नाही, अभ्यास संपल्यावर कळेल.

भागोजीकडे दोन्ही बाटल्या, उरलेल्या गोळ्यांसकट पाठवून द्या. आईला कसं सांगाल ते तुम्हीच बघा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

सुरेखा


वरची वाडी
९ एप्रिल २०२४

चि. सुरेखास,
अ. आ.

बाटल्या भागोजीकडं दिल्या. तुज्या आयला राग आला नाय. ती म्हनाली, पोर खरं बोलली, तिला काय बोलू नका. तुळसा रडली.

गुढी उभारली. म्हैस दूध कमी देते. कळावं.

भैरू


महाड
२१ जुलै २०२४

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

आई माझ्याकडे आली त्याला महिना झाला. तुम्ही वाडीवर एकटे, तुळसाकाकी भाकरी देते असं भागोजी सांगतो. घाट दरडींमुळे बंद-चालू आहे, म्हणून तुमचं येणं लांबलं हे आईला कळतं, तरी ती दाराकडे बघत असते.

तिला हवेचं यंत्र लावलंय. नाकात नळी असते. ते दिवसभर घूं घूं करतं. वीज गेली की मी सिलिंडरकडे पळते. ती हसून म्हणते, माझा जीव महावितरणच्या हातात दिलास. एवढं म्हणायलाही तिला मध्ये तीनदा थांबावं लागतं. मी पुढचा शब्द ओळखून पूर्ण करायला लागले तर चिडते. माझं मला बोलू दे म्हणते.

तुमच्यासाठी निरोप असा: ताकात मीठ कमी घाला, रेडकाला ओल्यात बांधू नका, आणि तुळसाला एकटी झऱ्यावर पाठवू नका, तिलाही धाप लागते. तिच्या काळजीत तुमचा नंबर मीठ आणि रेडकाच्या जोडीने आहे, हे मी आपलं कळवते.

मॅडम घरी येऊन बघून गेल्या. बाहेर ओट्यावर मला म्हणाल्या, आता लांबवू नका, वडिलांना बोलवा. हे लिहितानाही आतून काही वाटतच नाही. भांडी घासते, आईला पुसते, शिलाई करते. तुम्ही या, आबा. पायी उतरावं लागलं तरी या.

सुरेखा


वरची वाडी
१५ सप्टेंबर २०२४

चि. सुरेखास,
भैरूचे अ. आ.

अंबू जाऊन महिना झाला. तुज्या घरी मी पोचलो तवा तिनं माज्याकडं बघितलं, बोलली नाय, बोलायला दम नव्हता. बघितलं एवढं खूप झालं. आता घरात शिरलो की कुठं बसायचं ते सुचत नाय, म्हनून गोठ्यात बसतो.

एक इचारायचं हाय. तेराव्यानंतर तुळसा आपल्या अंगनात येत नाय. चूल येगळी मांडलीय. भाकरी उंबऱ्यावर ठेवते आन मागल्या मागं जाते. वाडीतल्या बाया बोलतात, खरी गोळी अंबूची व्हती, निम्मी हिनं खाल्ली, म्हनून ही हाय आन ती गेली. तुळसाला तेच खरं वाटतं. काल मी तिला म्हनलो, उलटं पन असंल, तुजी खरी असंल आन अंबूनं खाल्ली असंल. ती म्हनली, भाऊजी, मंग ती का गेली?

त्या स्नेहलला इचार, अभ्यास कंदी संपनार. खरी कोनाची ते मला कळू दे. कळलं तर काय व्हनार ते मलाबी ठाऊक नाय.

तू जेवतेस का? तुजा आवाज फोनवर ऐकू येत नाय, पन येतो तो कोरडा येतो असं वाटतं. जपून ऱ्हावं.

भैरू


महाड
३० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

गणपती बसले. वर्षश्राद्धाला वाडीवर येऊन गेले तेव्हा तुम्हाला सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

अभ्यास संपला. ज्यांनी भाग घेतला त्या सगळ्यांच्या घरी कळवतात तसं काल स्नेहलने मला बोलावून सांगितलं. गोळीने आजार बरा होत नाही. पण बऱ्याच जणांचा आजार पुढे सरकायचा वेग कमी झाला. सगळ्यांचा नाही.

आणि बाटल्यांचं असं आहे, आबा. दोन्ही खऱ्या होत्या. आईचीही आणि तुळसाकाकीचीही. त्या सुपात पोकळ गोळी एकही नव्हती. कालवल्या काय, न कालवल्या काय, दोघींच्या पोटात तेच जात होतं.

ते थांबलं ते माझ्यामुळे. मी सांगितलं नसतं तर आई ती गोळी घेत राहिली असती. मी मॅडमना सरळ विचारलं, मग ती जगली असती का? त्या म्हणाल्या, हे कोणीही सांगू शकत नाही, आईंचा आजार काकींपेक्षा पुढे गेलेला होता, आणि त्या दिवशी जे माहीत होतं त्यावरून तू केलंस ते बरोबरच होतं. मी हो म्हटलं. मला ते बरोबर असलेलं काही उपयोगाचं नाही.

मला अजून रडू आलेलं नाही. मशीनवर बसते, शिलाई सरळ येते, लोक कौतुक करतात. जेवण जातं, झोप लागते. याचीच भीती वाटते.

तुळसाकाकीला हे सांगा. तिने कोणाचं काही खाल्लं नाही. आणि मॅडमनी अभ्यासावर नजर ठेवणाऱ्या समितीला पत्र लिहून मंजुरी घेतली आहे. तपासून योग्य वाटलं तर तिला ती गोळी आता मिळेल, फुकट, खरीच. तिला खाली घेऊन या. मी दवाखान्यात बरोबर येईन.

माया ठेवा असं या वेळी मी मागत नाही. जी उरली असेल ती असू द्या.

सुरेखा


वरची वाडी
१७ सप्टेंबर २०२५

चि. सुरेखास,
भैरूचे आशीर्वाद.

तुजं पत्र मी तुळसाला वाचून दाखवलं. ती जमिनीवर बसली आन मोठ्यानं रडली, अंबू गेली तवाबी अशी रडली नव्हती. दुसऱ्या दिशी सकाळी आपल्या अंगनात सडा घातलेला दिसला. चूल परत एक झाली.

मी तिला महाडला आनली होती. दवाखान्यात तपासली, बाटली दिली. तुज्या घरी आलो नाय. तुला कळवलं नाय. मला तुजा राग आला व्हता, सुरेखा. लिवून टाकतो, कारन फोनवर मी वरडलो तर सगळा बाजार ऐकंल. तू खरं बोललीस हे मला कळतं. तुज्या जागी मी असतो तर मीबी बोललो असतो, हेबी कळतं. ह्या गोळीनं म्होरल्या लोकांचं भलं व्हनार असं ती स्नेहल मला म्हनली. मी तिला म्हनलो, मला म्होरले लोक नको, मला अंबू पायजे. ती पोर खाली बघत बसली. तिचा काय दोष? पन राग कुठंतरी ठेवायला लागतो, तो मी तुज्यावर ठेवला. अजून थोडा हाय. उतरतोय.

सवाष्ण गेली म्हनून परवा नवमीला तिचा म्हाळ घातला. तू येशील असं वाटलं व्हतं. तुळसानं वडे, भात, आळूचं फदफदं, सगळं अंबूच्या आवडीचं केलं. कावळ्याचं पान अंगनाच्या कडंला ठेवलं. ठेवताना मी बघितलं, तर भाताच्या बाजूला तिनं एक गोळी ठेवली व्हती. त्या बाटलीतली. आमी दोघं पडवीत बसून ऱ्हायलो.

कावळा आला. भात खाल्ला, वडा उचलून नेला. गोळी तशीच ठेवली.

मी उठलो, ती गोळी उचलली, सदऱ्याला पुसली आन तुळसाच्या हातावर ठेवली. ती घेईना. मी पान्याचा तांब्या आनला. म्हनलो, अंबूनं खाल्ली नाय, बघितलंस ना. आता ही तुजी. माज्याम्होरं गिळ. तिनं गिळली. मंग मी आत गेलो आन वरीस झाल्यावर पयल्यांदा रडलो.

तू ये. तुलाबी रडू यायला लागंल.

आबा